तुळसाबाईनं लावलेलं लग्न

...आणि हा कान बघा! नाही, हसू नका, नुसता बघा. डावा, डावा! वांग्यासारखा झालाय की नाही? आता मला सांगा, कुणी पिळला असेल? बापानं? बापाचा हात आता खांद्याच्या वर जात नाही. मास्तरांनी? शाळा सुटून दहा वर्षं झाली. बायकोनं? बायको चार दिवस झाले कळव्याला माहेरी बसलीय. तुम्हाला सांगतो, हा कान मी पिळला. माझा, मीच, ह्या ह्या हातानं, भर अंगणात, तीसेक माणसांसमोर, आणि वर मागून एक म्हातारी ओरडली, "हलका धरलास रं, आनखी पील!"

बसा, बसा. होडी एवढ्यात येत नाही. ओहोटी आहे. ती काय, पलीकडे चिखलात बसलीय म्हशीसारखी, पाणी चढल्याशिवाय उठायची नाही. तुम्हाला पलीकडे जायचंय, माझं माणूस पलीकडून यायचंय. येऊ नये असं म्हणत नाही हो मी! यावं. बायको आहे माझी. पण ती कशाला येतेय ते मला ठाऊक आहे ना...

पहिल्यापासून सांगतो. पहिलं म्हणजे अगदी पायापासून.

मी राघो. इथलाच, कोपरीचा, मिठागरावरच्या धाकूचा थोरला. मी जन्मलो तेव्हा सुईणीनं म्हणे तोंड बघायच्या आधी पाय बघितले आणि बापाला बोलली, "धाकू, पोऱ्या नाय रं, बदक झालाय!" पाय सपाट. मधे खळगा म्हणून नाहीच. ओल्यात उमटले की वाटावं कुणी दोन पाट टेकवून गेलं. दुसरा बाप असता तर कपाळाला हात लावला असता. माझा बाप नाचला! कारण पाऊस सरला की मिठाच्या वाफ्यांचा तळ तुडवावा लागतो, चिखल तुडवून तुडवून दगडासारखा करायचा, नाही तर मीठ काळं येतं, आणि जिथं दुसऱ्याला दहादा पाय मारावे लागतात तिथं माझे दोनदा टेकले की काम झालं. बापानं सगळ्या मिठागरावर सांगितलं, "राघोचा गुण त्याच्या पायात हाय!" मी सात वर्षांचा. मला विचारलं कुणी? गुण माझा, आणि सापडतो दुसऱ्याला!

मग आला मामा. मामा कल्याण टेशनात सांधेवाला, गाडीसाठी रूळ बदलून देणारा. गाडी सुरू होऊन झाली तीसेक वर्षं, पण मामाचा रुबाब असा की रूळ त्यानंच घरून आणून अंथरलेत. माझ्या आईला म्हणाला, "सखू, पोराची नजर बघ! त्या तिकडं झाडावरचा कावला डोला मिटतोय तेपन दिसतंय याला. याला सांध्यावर चिकटवतो." आता कावळा डोळा मिटतो हे मी एकदा थापेत बोललो होतो हो! पण नाही, गुण सापडला.

मग मास्तर. मास्तर पुण्याकडचे, नाकातून बोलायचे. "धाकू, मुलगा तल्लख आहे बरं का. एकदा ऐकलं की पाठ! याला मिठात काय घालता? कचेरीत लावा, कारकून होईल." एक दिवस तिघंही आमच्या ओटीवर जमले आणि भांडले. बाप म्हणतो पाय, मामा म्हणतो डोळे, मास्तर म्हणतात डोकं. मी तिथंच होतो. मधे. लोणच्याची फोड चघळत. तिघांनी मला वाटून घेतल्यावर माझं म्हणून काय उरलं? गळा! तो कुणी मागितला नव्हता.

आता तुम्ही परगावचे दिसता म्हणून सांगतो. आमच्यात लग्न धवळारीण लावते. धवळारीण म्हणजे बाई. जाणती, मानाची बाई. ती मांडवात पाटावर बसते आणि धवले म्हणते. उंबराची फांदी आणायची, त्याचं गाणं. हळद लावायची, त्याचं गाणं. आणि सगळ्याच्या आधी झाडून सगळ्या देवांना नावानं आवतण, एकही सुटता कामा नये. सुटला तर तो रुसतो आणि जन्मभर त्या घरात कालवण अळणी होतं. माझी आत्या रंगूबाई ही धवळारीण. तुम्हाला सांगतो, काय तिचा थाट! तिनं गाण्यात "उठा" म्हटलं की वरबाप उठतो. "सरा" म्हटलं की गावचा पाटील सरतो. पाटील! जो कलेक्टराला बघून पण नुसती मान हलवतो, तो आत्याच्या एका ओळीवर पाटासकट मागे सरतो!

आणि माझं घरात काय? मी "पाणी द्या" म्हटलं तर कुत्रं पण मान वर करत नाही.

मी आत्याच्या मांडीवर लहानाचा मोठा झालेलो, तिच्याबरोबर गावोगाव लग्नांना गेलेलो, सगळे धवले मला पाठ. तळ तुडवताना मनातल्या मनात म्हणायचो. एक दिवस मनातलं तोंडात आलं. मी म्हटलं, "देवा खंडेराया, घोड्यावरून उतर, मांडवात ये", आणि बघतो तर काय, वाफ्यातली वीस माणसं माझ्या तालावर पाय मारतायत! मी गाणं थांबवलं, वीस पाय हवेत थांबले. मी सोडलं, वीस पाय खाली. बापाचा पण! अहो, बाप! त्या क्षणी मला कळलं मला काय व्हायचंय. बापानं नाही सांगितलं, मामानं नाही, मास्तरांनी नाही, माझं मलाच कळलं. जन्मात पहिल्यांदा एक गोष्ट दुसऱ्याच्या आधी मला सापडली! आणि सापडली ती काय? दुसऱ्यांच्या पोरांना कुस्ती सापडते, होडी सापडते. मला सापडलं, धवळारीण व्हायचं.

आत्याकडे गेलो. ती तांदूळ निवडत होती. म्हटलं, "आत्या, मना धवळारीण व्हायचंय."

तिनं एक खडा काढला. लांब फेकला. "बरं," बोलली, "मी पन उद्यापासून मिशी ठेवते."

झालं. संपलं. पण तेवढ्यात एक गोष्ट सांगायची राहिली, ती मनात ठेवा. आमच्या गावात धवळारणीचं काम लग्न लागून संपत नाही. जिनं लावलं तिनं निस्तरायचं! वर्षभर नवराबायकोत काही वाजलं की बायको चालली धवळारणीच्या दारात. धवळारीण ऐकून घेते, नवऱ्याला बोलावते, आणि चूक त्याची असली तर भर अंगणात त्याचा कान पिळते. आणि चूक त्याचीच असते. आत्याच्या तीस वर्षांत बाईची एकदाही निघाली नाही. मी लहानपणी आत्याच्या ओटीवर पाय हलवत बसायचो, आडदांड बाप्ये कान धरून नेलेले बघायचो आणि पोट धरून हसायचो. हसायचो हो मी...

तर मग झालं भांडण. आत्याचं आणि तिच्या जावेचं. जाऊ राहते कळव्याला, आत्या कोपरीत, विषय सुक्या बोंबलांची एक माळ. होडीनं जाऊन भांडायचं तर त्यात कमीपणा! म्हणून ही ह्या बांधावर, ती त्या बांधावर, मधे अख्खी खाडी. हिनं एक शिवी सोडली की कमरेवर हात ठेवून थांबायचं, ती पाण्यावरून पलीकडे पोचायची, मग उत्तर यायचं. भरतीला जास्त ओरडावं लागायचं, पाणी रुंद होतं ना! असे चार दिवस. पाचव्या दिवशी आत्यानं तोंड उघडलं आणि आतून नुसता वारा आला. बोंबलांचं काय झालं? मांजरानं खाल्ले ते दुसऱ्याच दिवशी.

आणि सहाव्या दिवशी आंबिवलीला लग्न!

आत्या माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. तिनं खुणेनं विचारलं, सगळे येतात? मी मानेनं म्हटलं, सगळे. मग काय केलं सांगू? आंबिवलीला मांडवाला लागून ओटी होती, ओटीवर भाताची मोठी कणगी. मी कणगीमागे. आत्या पुढे पाटावर. ती तोंड उघडणार, मी गाणार. आणि तुम्हाला सांगतो, मी असा काही गळा लावला, बायकी, पातळ, तुपासारखा, की मांडवात सुईचा आवाज नाही. सगळे देव आले, एकेक करून, नीट. फक्त भाताचा तूस नाकात गेला आणि गावदेवीचं नाव घेताना मला शिंक आली. मोठी. आत्याचं तोंड उघडंच होतं, तिनं ते तसंच नेटानं शिंकेचं केलं. मी म्हटलं, मेलो आता! तर वरमाय शेजारणीला सांगते, "रंगूबायनं नवा धवला आनलाय गं. मधी शिंक हाय."

झालं, चहूकडे नाव! मुरबाडपासून लोक आले, "आत्याबाय, आमाला तो शिंकंवाला पायजे." म्हाताऱ्या आत्याची अलाबला घेतात, "काय गला लागलाय गं तुजा या वयात!" गळा कुणाचा? माझा! नाव कुणाचं? आणि ती खूश तरी झाली का? अहो, पेटली ती! तीस वर्षं स्वतःच्या गळ्यानं गायली, तेव्हा कुणी असं बोललं नव्हतं. तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. तसंही तिला बोलता येत नव्हतं, पण ह्या तीन दिवसांत ती मुद्दाम बोलत नव्हती, ते दिसतं हो माणसाच्या तोंडावर.

आवाज काही परत आला नाही. नुसती कुजबुज राहिली. चौथ्या दिवशी मला जवळ बोलावून कुजबुजली, "दर मांडवात कनगी नसते. लुगडं नेस."

असा मी तुळसा झालो. तुळसा, रंगूबाईच्या लांबच्या नात्यातली, वसईकडची, अबोल, पदराआडून बघणारी. लुगडं जमलं, काकणं जमली, बारीक पावलं टाकायला काही जमलं नाही, पण ते असो. अडलं कुठं? मिशीवर. म्हटलं, मिशी काय, आज काढली, महिन्याभरात येईल. काढली.

आता, आमच्याकडे माणूस मिशी कधी काढतो? बाप गेला की!

मी नुसता घरापर्यंत चालत आलो हो. वाटेत जो दिसेल तो थांबतो, माझ्या तोंडाकडे बघतो, डोक्यावरचं काढतो आणि गप्प मागे चालायला लागतो. मला वाटलं माझं चुकून कौतुक चाललंय. घरी पोचेपर्यंत मागे साठ माणसं. आईनं दारातून बघितलं, मिशी बघितली, मागची माणसं बघितली आणि तिथंच बसून हंबरडा फोडला. शेजारणी आल्या. चूल विझवली. एकानं बांबू पण आणले! आणि तेवढ्यात बाप आला मिठागरावरून, खांद्यावर फावडं, भुकेला. गर्दी बघून त्यानं फावडं हळूच खाली ठेवलं, डोळ्यात पाणी आणलं आणि पुढच्या म्हाताऱ्याला विचारलं, "कोन गेला रं?"

म्हाताऱ्यानं माझ्या ओठाकडे बघितलं, मग बापाकडे. कसं सांगायचं तोंडावर?

शेवटी म्हातारा म्हणाला, "धाकू... तूच."

बाप म्हणाला, "कवा?"

तुम्हाला सांगतो, तो माणूस घरात येऊन जेवला तरी अर्ध्या लोकांना ते पटत नव्हतं. एकजण जाताना आईला सांगून गेला, धीर धर. मी सांगितलं, मिशीत उवा झालेल्या. आणि मग लग्नसराईत दर आठ दिवसांनी उवा! दर आठ दिवसांनी बापाला कुणी तरी नवखा पाहुणा विचारायचा, "तुमचे वडील कवा गेले?" नाही, मला विचारायचा. बापाला विचारायचा, "तुम्ही याचे कोन?"

पण गाणं! गाणं चाललं होतं हो. मांडवात पाटावर बसायचो, पहिला देव बोलावला की अंगावर काटा यायचा, स्वतःच्याच. मी म्हटलं "उठा", माणसं उठायची. मी म्हटलं "सरा", मामा सरायचा! कल्याणच्या एका लग्नात माझा सख्खा मामा माझ्या एका ओळीवर तीन हात मागे सरला आणि हात जोडून बोलला, "तुळसाबाय, काय तुमचा गला!" ज्याला इतकी वर्षं माझे डोळे दिसत होते त्याला माझं तोंड ओळखता आलं नाही. गुण माझा... आणि ह्या वेळी सापडला तर तुळसाला!

मग आलं कळव्याचं लग्न. तिथं माझ्या पाटाशेजारी एक पोरगी येऊन बसली. शालू, काळुरामाची धाकटी. तोंडाळ, पण गोड. माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "अगं बाय, केवढे हे पाय! होडीच आनलीस का सोबत?" मी पातळ आवाजात म्हटलं, "मिठागरावरची ना बाय मी." ती हसली, आणि मग सरकून जवळ आली, अगदी कानाशी. "तुळसाबाय, तू कोपरीला राहतंस ना? तिकडं धाकूचा राघो हाय म्हनं. मना त्याचा इचार चाललाय. कसा हाय गं पोरगा? लोक बोलतात, मिशी ठेवीत नाय, बापाला जिता मारतो."

आता तुम्ही असता तर काय सांगितलं असतं? तुमच्या कानाशी एक पोरगी, हळदीचा वास, समोर तुमच्याच नावाची चौकशी, आणि तुम्ही लुगड्यात! मी म्हटलं, "बरा हाय." नुसतं एवढंच म्हणून थांबलो असतो तर चाललं असतं. पण नाही! मी म्हटलं, "बरा म्हंजे, फार चांगला हाय. शांत. कष्टालू. बायकोला दुखवायचा नाय. घरात भांडी पन घाशील." भांडी! कुणी विचारलं होतं भांड्यांचं? माझा कुणी कधी गुण सांगितला तर पायाचा, डोळ्याचा. पहिल्यांदा मला स्वतःचे गुण स्वतः सांगायला मिळाले, आणि जे नव्हते तेच सांगून बसलो!

शालू घरी जाऊन बोलली, तुळसाबाय सांगते तर मी करते. काळुराम आला आमच्याकडे. दणकट, आडवा, आवाज इंजिनासारखा. बापाला म्हणाला, "पोरगी देतो, पन एक सांगतो. थोरलीचं लग्न दुसऱ्या धवळारणीनं लावलं, पोरगी महिन्यात परत आली. हे लगीन लागंल तर तुळसाबाय लावंल. आनि शिंकंसकट. ती नाय तर लगीन नाय!" बाप म्हणाला, "त्यात काय, तुळसाबाय घरचीच!" आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "राघो, नवरा म्हनून तू तेवढा वेळंवर ये म्हंजे झालं."

वेळेवर कोण येणार, कुठून येणार, मला सांगा! नवरा आला तर धवळारीण नाही. धवळारीण आली तर नवरा नाही. मी आत्याकडे धावलो. म्हटलं, सांगून टाकू? आत्या कुजबुजली, "सांग. काळुराम तुजा पाय मोडंल, बाप दुसरा मोडंल. गानं जाईल, पोरगी पन जाईल." आणि मला दोन्ही पाहिजे होतं हो! हेच तर माझं दुखणं. शालू पाहिजे होती, आणि पाट पण पाहिजे होता. काय चुकलं ह्यात?

मग आत्यानं युक्ती काढली. मांडवात जाहीर करवलं, तुळसाला गोवर आलाय, ती आतल्या खोलीतून म्हणेल, कुणी जवळ जायचं नाही. झालं! धवल्याची वेळ आली की मी पोट धरायचो, "आलो, आलो" म्हणायचो, मुंडावळ्या सावरत मागच्या दारानं आत, कोनाड्यात तोंड घालून देवांना आवतण, परत बाहेर, हळद लावून घ्यायची, परत पोट, परत आत, तेलाचं गाणं, परत बाहेर. अकरा वेळा! काळुराम बापाला म्हणतो, "जावायाचं पोट नेहमीच असंच का?" बाप म्हणतो, "नाय, आजच. आनंद झालाय त्याला."

पण अंतरपाट धरला तेव्हा पोट चालतं का हो? इकडे मी उभा, मधे पडदा, पलीकडे शालू. हातात अक्षता घेऊन शंभर माणसं. आणि अक्षता कधी टाकायच्या? तुळसाबाय शेवटचा धवला, सगळ्या देवांना पुन्हा हाक घालणारा, म्हणेल तेव्हा. सगळे थांबले. मी थांबलो. आतून काही आवाज येईना. कुठून येणार? आवाज तर इथं, पडद्याच्या अलीकडे, मुंडावळ्या बांधून उभा! काळुराम गुरगुरला, "तुळसाबाय, म्हना की!" आत्यानं डोळे मिटले. पाटील म्हणाला, "बाई झोपली का?" काळुरामानं शालूच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, "चल पोरी. थोरलीचं झालं तेवढं बास."

आणि तुम्हाला सांगतो, शालूचे पाय हलले. अंतरपाटाखालून मला दुसरं काय दिसणार, तिचे पायच दिसत होते. हळदीचे, बारीक. एक पाऊल मागे गेलं. आणि माझ्या तोंडातून निघालं. मी काढलं नाही हो, निघालं! भर मांडवात, नवऱ्याच्या उभ्या अंगातून, तुळसाचा गळा, "देवा खंडेराया, मांडवात ये..." शंभर माणसं गार. नाकात हळद गेली आणि गावदेवीच्या नावावर शिंक पण आली, बरोब्बर जागेवर.

तेव्हा पलीकडून शालूनं खाली वाकून बघितलं. अंतरपाटाखालून दिसतं काय? पाय! माझे. दोन पाट टेकवल्यासारखे. ती हळूच म्हणाली, "तुळसाबाय?"

आणि मी, सवयीनं हो, नुसत्या सवयीनं म्हणालो, "काय गं बाय?"

मला वाटलं, आता ती जाणार, काळुराम पडदा फाडणार, आणि बापाला खरंच मिशी काढायची वेळ येणार, माझ्यासाठी. शालू अजून वाकलेलीच होती. मग म्हणाली, "पुढचं म्हन. तुला मंग बघते."

म्हटलं मी. सगळं म्हटलं. एक देव सुटला नाही. माझ्या लग्नात मीच म्हटलं "नवऱ्या, पुढं हो", आणि मीच पुढे झालो. अक्षता पडल्या.

मग बसल्या म्हाताऱ्या. सगळ्या गावच्या. काळुराम ओरडत होता, हे लगीन लागलंच नाय! आत्या आपली तांदूळ निवडल्यासारखी शांत. सगळ्यांत जुन्या म्हातारीनं विचारलं, "देव सुटला का एखादा?" नाही. "शिंक झाली?" झाली. "मंग लगीन लागलं." मी पुढे झालो, हात जोडले, म्हटलं, आज्ये, मग मला लुगड्याशिवाय, राघो म्हणून, पाटावर बसून गाऊ द्याल का? एवढंच पाहिजे मला. त्यांनी डोकी एकत्र केली. आणि निवाडा दिला. काय निवाडा! बाप्या धवळारीण होऊ शकत नाही. कधी झाला नाही, होणार नाही. राघोनं गायचं नाही. पण तुळसाबाय चांगली गाते, तुळसाबायचं काम काढून घ्यायचं कारण नाही! तिनं गावं. लुगडं नेसून. सगळ्या गावाला ठाऊक आहे ती कोण, पण मांडवात मी बसलो की मामा अजून हात जोडतो, "तुळसाबाय, गला काय तुमचा!" डोळ्यात डोळे घालून म्हणतो हो! बाप मिठागरावर सांगत फिरतो, "मी बोललेलो ना, त्याचा गुण पायात हाय? पाय बघूनच तर पोरगी थांबली!"

मी म्हटलं, चला, असू दे. गाणं मिळालं, पाट मिळाला, शालू मिळाली. लुगड्यात तर लुगड्यात. माणसाला अजून काय पाहिजे?

लग्नाच्या आठव्या दिवशी शालूनं विचारलं, "भांडी?" मी म्हटलं, कुठली भांडी? ती उठली. पदर खोचला. मागच्या दारानं बाहेर गेली, घराला वळसा घातला, पुढच्या दारानं आली, ओटीवर बसली आणि हाक मारली, "तुळसाबाय हाय का घरात? मना नवऱ्याची तक्रार करायचीय!"

जिनं लावलं तिनं निस्तरायचं ना! सगळा गाव अंगणात. मी आत गेलो, लुगडं नेसलो, बाहेर आलो, बसलो. ती म्हणाली, "तुळसाबाय, तूच बोललेलीस, भांडी घाशील. बोललेलीस का नाय?" मी म्हटलं, "बोललेले." "घाशीत नाय तो!" मी खाली बघितलं. म्हाताऱ्या म्हणाल्या, "न्याय कर, बाय." मी म्हटलं, नवऱ्याला बोलवा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आत गेलो, लुगडं सोडलं, धोतर नेसलो, बाहेर आलो. आणि तीस वर्षांत धवळारणीकडे बाईची चूक एकदाही निघालेली नाही. मी कुठून काढू?

तेव्हापासून हे चाललंय. आमटी खारट म्हटलं, तुळसाबाय. मिठागरावरून उशिरा आलो, तुळसाबाय. पाच दिवसांपूर्वी मी तिच्या भावाच्या आवाजाची नक्कल केली, त्याला पण तुळसाबाय! तो हा डावा. आणि मग मी चिडून बोललो, म्हटलं, शालू, तू मला फसवून लग्न केलंस. मी! मी म्हटलं हे तिला! ती उठली. होडीत बसली आणि माहेरी गेली.

चार दिवस काही निरोप नाही. आज सकाळी होडीवाला आला, म्हणाला, "शालूचा निरोप हाय." माझा जीव भांड्यात पडला हो! म्हटलं, काय? "भरतीला येतेय. तुळसाबायला सांग, घरात थांब. नवऱ्याला काय सांगू नको."

बघा, पाणी चढलं. होडी हलली... ती, तीच, पुढे बसलीय ती हिरव्या लुगड्यातली. हात हलवतेय. तुम्हाला नाही हो, मला. कुणाला हलवतेय कोण जाणे, राघोला का तुळसाला. एवढ्या लांबून हसतेय ते पण दिसतंय. मामा काही अगदीच चुकला नव्हता नजरेचं.

माझं एकच स्वप्न होतं, लग्नात माझा शब्द चालावा. चालतो ना! माझ्यावरच चालतो.

चला, तुम्ही होडीत बसा, मी निघतो. ती बांध चढून घरी पोचायच्या आत मला लुगडं नेसायचंय. डाव्याला तर आता हात लावता येत नाही... आज उजवा.